फी बापाने भरली, परतावा मुलाच्या खात्यात आला, पैसे कोणाचे?

मानेवाड्याच्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा. ते एस.टी.त मेकॅनिक होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मुलगा १९ वर्षांचा. त्याला एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या नावची मुदत ठेव मोडली आणि आपल्या बचत खात्यातून १,४५,००० रुपये कॉलेजच्या खात्यात एनईएफटीने भरले. वर्ग सुरू व्हायच्या आतच मुलाचे मन उडाले आणि त्याने प्रवेश रद्द केला. कॉलेजने १,००० रुपये कापून १,४४,००० परत केले, पण मुलाच्या खात्यात. मुलगा म्हणतो, प्रवेश माझा होता, अर्ज माझा होता, पैसेही माझेच. त्याला त्यातून पुण्यात ॲनिमेशन शिकायचे आहे. वडिलांनी लिहिले आहे, "मॅडम, पैसे तर मी भरले ना, मग ते त्याचे कसे होऊन राहिले? कॉलेजवर केस करू, की पोलिसांत जाऊ?"

आधी उत्तर देते, कारणे मग सांगते. पोलिसांत जाऊ नका. कॉलेजवर केस टिकणार नाही. मुलाकडून पैसे मागण्याचा तुमचा हक्क आहे आणि माझ्या मते तो बऱ्यापैकी भक्कम आहे. 'पूर्ण भक्कम' असे मी म्हणत नाही. त्यात एक कच्चा दुवा आहे आणि तो तुमच्या मुलाच्या वकिलाला नक्की सापडेल.

नागपूरच्या जिल्हा न्यायालयात मी २६ वर्षे वकिली करते आहे. जून ते ऑक्टोबर या दिवसांत फीच्या परताव्याचे भांडण घेऊन येणारी माणसे दर वर्षी भेटतात. बहुतेकांची गल्लत एकाच ठिकाणी होते. रक्कम एक असली तरी तिच्याभोवती नाती दोन आहेत: एक कॉलेज आणि विद्यार्थ्याचे, दुसरे बाप आणि मुलाचे. कॉलेजने पैसे कोणाला द्यायचे, हे पहिल्या नात्याने ठरते. ते पैसे शेवटी कोणाचे, हे दुसऱ्या नात्याने. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवले की बाप कॉलेजच्या ऑफिसात जाऊन आरडाओरडा करतो आणि मुलगा "खाते माझे" म्हणून घरी छाती काढतो. चूक दोघांचीही.

कॉलेजची पावती एकदा समोर घेऊन नीट बघा. वर विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, खाली शाखा आणि वर्ष, मग शिक्षण शुल्क, विकास शुल्क, अनामत असे रकाने, आणि तळाशी व्यवहार क्रमांक. तुमचे नाव त्या पावतीवर आहे, पण कुठे? मुलाच्या नावाच्या आणि आडनावाच्या मधोमध. पैसे भरणारा म्हणून ते कुठेच नाही. आपल्याकडे वडिलांचे नाव असे मुलाच्या नावात विरघळलेले असल्यामुळे पुष्कळ बापांना वाटते की पावती आपल्याही नावे आहे. तशी ती नसते.

कायद्याच्या दृष्टीने त्या पावतीला वजन आहे. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २(ड) मध्ये मोबदला वचन घेणाऱ्याने "किंवा अन्य कोणीही" दिलेला चालतो, असे स्पष्ट आहे. म्हणजे करार एकाचा आणि पैसे दुसऱ्याचे, हे आपल्या कायद्याला पूर्वीपासून मान्य आहे. मद्रास उच्च न्यायालयाचा चिन्नय्या विरुद्ध रामय्या हा १८८२ चा निकाल कायद्याच्या पहिल्या वर्षात प्रत्येक विद्यार्थी वाचतो, तो याच मुद्द्यावर आहे. तुम्ही फी भरली म्हणून करार तुमचा होत नाही. मुलगा तेव्हा सज्ञान होता असे सध्या धरू. प्रवेश अर्जावर सही त्याची होती, म्हणून करार त्याचा.

विद्यापीठ अनुदान आयोगाची ऑक्टोबर २०१८ ची परताव्याची अधिसूचनाही विद्यार्थ्यालाच समोर ठेवून लिहिलेली आहे. परतावा विद्यार्थ्याला, त्याच्या लेखी अर्जानंतर १५ दिवसांच्या आत. टक्केवारी अशी: प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केले तर १०० टक्के, त्यातून फीच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि कमाल ५,००० रुपये प्रक्रिया शुल्क कापता येते, त्या तारखेला १५ दिवसांपेक्षा कमी उरले असताना रद्द केले तर ९० टक्के, तारीख उलटल्यावर १५ दिवसांत ८०, १५ ते ३० दिवसांत ५०, त्यापुढे काही नाही. अनामत मात्र पूर्ण परत. २०२४-२५ साठी आयोगाने ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कपात असे वेगळे धोरण जाहीर केले होते, म्हणून आपल्या वर्षाचे परिपत्रक दर वेळी तपासायचे. इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांत अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा (एआयसीटीई) नियम असा की वर्ग सुरू होण्यापूर्वी जागा सोडली तर १,००० रुपयांपेक्षा जास्त कापायचे नाहीत. तुमच्याकडून १,००० च गेले. कॉलेजने नियम पाळला आणि ज्याच्याशी करार होता त्याला पैसे दिले. त्याचे देणे फिटले. आता "मला का दिले नाही" म्हणून त्याला कोर्टात ओढण्यात काही हशील नाही.

एक गोष्ट मात्र आजच पाहा: प्रवेशाच्या दिवशी मुलगा १८ पूर्ण होता का? आज तो १९ चा आहे, पण बारावीनंतर प्रवेश घेणारी कितीतरी मुले त्या दिवशी सतरा वर्षे काही महिन्यांची असतात. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलाशी केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातले आपले सर्वांत वरचे अपील न्यायालय) १९०३ मध्ये मोहरीबीबी प्रकरणात ठरवले आणि ते आजही तसेच आहे. अशा वेळी अर्जावर पालक म्हणून सही बापाची किंवा आईची असते, आणि "कॉलेजशी व्यवहार मी केला" हे म्हणणे पुष्कळ वजनदार होते. जन्मतारीख आणि प्रवेशाची तारीख शेजारी शेजारी ठेवा. दोन महिन्यांचा फरक असेल तरी बाजू पालटते.

आता दुसरे नाते, बाप आणि मुलाचे. खरा गुंता इथे आहे.

"आई-बापाने भरलेल्या फीचा परतावा अमक्याचा" असे सांगणारे एकही कलम आपल्या कायद्यात नाही. म्हणून पैसे भरताना बापाच्या मनात काय होते, हे शोधावे लागते. बक्षीस दिले होते? कर्ज म्हणून दिले होते? कायद्याने करायचे कर्तव्य म्हणून दिले होते? की एका ठरावीक कामासाठी, तेवढ्यापुरतेच दिले होते?

बक्षिसाची गोष्ट आधी, कारण मुलाचा भर त्यावरच असणार. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चे कलम १२२ म्हणते की बक्षीस म्हणजे स्वखुशीने, मोबदल्याशिवाय, अस्तित्वात असलेली मालमत्ता दुसऱ्याला देणे आणि त्याने ती स्वीकारणे. जंगम वस्तू असेल तर ती प्रत्यक्ष हातात द्यावी लागते किंवा नोंदणीकृत लेख करावा लागतो, असे कलम १२३ सांगते. एकदा पक्के झालेले बक्षीस मन बदलले म्हणून परत घेता येत नाही. पण तुम्ही मुलाला १,४५,००० रुपये दिले होते का? नाही. तुम्ही त्याला कॉलेजातली एक जागा दिली होती. पैसे तुमच्या खात्यातून थेट कॉलेजच्या खात्यात गेले, मुलाच्या हाती ते कधी आलेच नव्हते. त्याने स्वीकारली ती जागा, आणि तीही त्याने सोडून दिली.

इंग्लंडच्या कायद्यात बापाने मुलाच्या नावे काही घेतले की ते मुलाच्या भल्यासाठी दिलेले बक्षीसच, असे आधी गृहीत धरायची पद्धत होती. आपल्याकडे ती चालत नाही. गोपीकृष्ण गोसाईं विरुद्ध गंगाप्रसाद गोसाईं या १८५४ च्या निकालात प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की हिंदू बाप मुलाच्या नावे मालमत्ता घेतो तेव्हा ते बक्षीस आहे असे आपोआप मानता येणार नाही. पैसा कोणाचा होता ते पाहायचे. तो वाद कॉलेज फीचा नव्हता, हे उघड आहे. पण तत्त्व तुमच्या बाजूने झुकते: केवळ मुलाच्या नावावर आले म्हणून ते मुलाचे झाले, असे आपला कायदा म्हणत नाही. मुलाच्या बँक खात्यालाही हेच लागू आहे. पैसे कुठे ठेवले आहेत ते खाते दाखवते, मालक कोण ते खाते ठरवत नाही.

आता कच्चा दुवा. मुलाचा वकील म्हणेल, "बापाने मुलाच्या शिक्षणावर केलेला खर्च परत मिळेल या अपेक्षेने कोणी करत नाही." तो कलम ७० दाखवेल. दुसऱ्यासाठी काही केले आणि ते फुकट करायचा हेतू नव्हता, तरच त्याची भरपाई मागता येते, असे करार कायद्याचे ते कलम आहे. साक्षीच्या पिंजऱ्यात तुम्हाला विचारले जाईल, "फी भरताना मुलाने ती तुम्हाला फेडावी असे ठरले होते का?" तुम्ही खरे सांगाल, "नाही." आणि कलम ७० चा आधार तिथेच ढिला पडतो. म्हणून माझ्या मते अशा दाव्याची इमारत त्या कलमावर उभारू नये.

उभारायची ती उद्देशावर. पैसे एका कामासाठी दिले, ते काम झालेच नाही, म्हणून उरलेले पैसे ज्याचे त्याला. भारतीय न्यास (ट्रस्ट) कायदा १८८२ च्या कलम ८३ मध्ये याच जातीचे तत्त्व आहे: न्यास पार पाडता येण्यासारखा राहिला नाही, तर ती मालमत्ता न्यास करणाऱ्याच्याच हितासाठी सांभाळायची. घरातल्या व्यवहाराला कोणी न्यास म्हणत नाही, पण बाजारातून साखर आणायला पोराला पाचशे दिले आणि दुकान बंद निघाले तर पाचशे घरी परत येतात, हे सगळ्यांना कळते. तत्त्व तेच.

मग प्रश्न उरतो, आणि तोच निर्णायक आहे: काम कोणते ठरले होते? 'या कॉलेजातला हा प्रवेश', की 'तुझे पुढचे शिक्षण'? पहिले असेल तर काम फसले, पैसे तुमचे. दुसरे असेल तर मुलगा म्हणू शकतो, शिक्षण तर मी घेतोच आहे, फक्त कॉलेज बदलले. याला माझ्याकडे छापील उत्तर नाही. ते तुमच्या घरात त्या महिन्यात काय बोलले गेले यावर आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्यासमोर असेच एक बाप-लेक बसले होते. वडिलांनी मोबाईल काढून मुलाला पाठवलेला जुना मेसेज अभिमानाने दाखवला: "बाळा, हे दोन लाख तुझ्या शिक्षणासाठी राखून ठेवले आहेत, तुझेच समज." दोन शब्द, 'तुझेच समज'. मायेने लिहिलेले ते शब्द त्यांच्याच दाव्यावर उलटले. मी त्यांना तिथल्या तिथे सांगितले की दावा लावू नका, बोलून काय ते ठरवा.

तुम्ही काय लिहिले होते ते आज शोधा. मुलाला, त्याच्या आईला, भावाला, बँकेला. मुदत ठेव मोडण्याच्या अर्जात कारणाच्या ओळीत काय लिहिले तेही बघा. मेसेज पुरावा म्हणून दाखल करायचे तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते, आणि फोन बदलला की अडचण येते. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

मुदत ठेव कोणाच्या नावची, हेही महत्त्वाचे. तुमची तुमच्याच नावची होती, म्हणून बरे. पुष्कळ घरांत मूल लहान असतानाच त्याच्या नावे ठेव करून पालक म्हणून आपले नाव लावतात. ती मोडून फी भरली असेल तर पैसा मुळात मुलाचाच, त्याचा परतावाही मुलाचाच. सुकन्या समृद्धी खात्याचे तसेच. त्यातून उच्च शिक्षणासाठी ५० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते, पण खाते मुलीचे आहे. ती फी परत आली की बापाने आपल्या दुकानात घालायची नाही.

आणि "बापाने भरली" म्हणताना ती खरोखर बापाने भरली का, हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. एका प्रकरणात वडील ८०,००० रुपयांच्या परताव्यासाठी मुलाशी भांडत होते. आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसलेली. निघताना तिने पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला, इतवारीतल्या सराफाची तिच्या नावची पावती. तिची माहेरची पोत विकून ते पैसे नवऱ्याच्या खात्यात भरले होते आणि तिथून कॉलेजला गेले होते. पोत स्त्रीधन. ते पैसे बापाचे नव्हते आणि लेकाचेही नव्हते. इतकी वर्षे झाली, तो कागद मला आठवतो. त्या बाईने तो सांभाळून ठेवला होता आणि कोणी विचारेपर्यंत दाखवला नव्हता. तेव्हापासून फीचे भांडण आले की मी पहिला प्रश्न आईला विचारते. तुमच्या घरीही विचारा.

मुलाऐवजी अविवाहित मुलगी असती, तर माझे उत्तर बदलले असते. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ नुसार निर्वाहात शिक्षण येते. मुलगा सज्ञान झाला की त्या कायद्याखालचा त्याचा हक्क संपतो, पण अविवाहित मुलगी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर तिच्याबाबतची बापाची जबाबदारी चालू राहते. बापाने भरलेली तिची फी म्हणजे मेहेरबानी नव्हे, तिच्या हक्काचीच पूर्तता. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर विभक्त पती-पत्नीचे एक प्रकरण आले होते. मुलगी आयर्लंडमध्ये शिकत होती. बापाने तिच्या शिक्षणासाठी दिलेले ४३ लाख रुपये स्वाभिमानापोटी ठेवून घ्यायला ती तयार नव्हती आणि तो परत घेत नव्हता. न्यायालयाने सांगितले की आई-बापांकडून शिक्षणाचा खर्च मिळणे हा मुलीचा कायद्याने बजावता येण्याजोगा हक्क आहे, रक्कम तिची आहे, आईला किंवा बापाला परत करायची गरज नाही, ती योग्य वाटेल तशी खर्च करू शकते. म्हणून कौटुंबिक न्यायालयाच्या आदेशाने किंवा तडजोडीने भरलेल्या फीचा परतावा आला, तर बापाने तो आपल्या खात्यात वळवायच्या आधी दहा वेळा विचार करावा. तडजोडपत्रात परताव्याबद्दल एक वाक्य घालायला सांगा. मी घालतेच.

शैक्षणिक कर्ज असेल तर वाद फारसा उरत नाही. बँकेने फी थेट कॉलेजला भरलेली असते, परतावाही कर्ज खात्यातच जायला हवा. तो मुलाच्या बचत खात्यात आला असेल तर लगेच कर्जात भरा, कारण व्याज चालू आहे आणि सहकर्जदार म्हणून सही तुमचीही आहे. सरकारी शिष्यवृत्तीतून किंवा फीमाफीतून आलेला भाग सरकारचा. त्याला बापानेही हात लावायचा नाही, मुलानेही नाही.

मृत्यू मध्ये आला की कायदा जास्त कठोर वाटतो. फी भरल्यावर आणि परतावा यायच्या आत वडील गेले, आणि पैसे वडिलांचेच होते असे ठरले, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ते पहिल्या वर्गाच्या सगळ्या वारसांचे: पत्नी, सगळी मुले-मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर ती. परतावा शिकणाऱ्या एकट्या मुलाचा नाही. याच्या उलट, विद्यार्थीच गेला तर? अविवाहित मुलाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत आई येते, बाप दुसऱ्या वर्गात आहे. म्हणजे परतावा मुलाचा धरला तर तो आईला मिळतो आणि फी भरणाऱ्या बापाला कायद्याने त्यातले काही मिळत नाही. अविवाहित मुलगी गेली तर आई आणि बाप दोघे मिळून वारस. ज्यांच्यावर ही वेळ आली, त्यांच्या समोर बसून हे सांगताना माझाही आवाज नीट निघत नाही. पण अशा वेळी अनामतीच्या दहा हजारांसाठी कॉलेजमध्ये आई आणि बाप वेगवेगळे अर्ज देतात, आणि ते होऊ नये म्हणून सांगावे लागते.

कोचिंग क्लासचा परतावा असता तर मार्ग वेगळा होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये मनू सोळंकी प्रकरणात शिक्षणसंस्थांना ग्राहक कायद्याच्या बाहेर ठेवले, पण कोचिंग क्लासना नाही. ग्राहक कायद्यात पैसे देणारा आणि त्याच्या संमतीने सेवा घेणारा दोघेही ग्राहक. आई-बाप आणि मूल दोघेही ग्राहक असू शकतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्प्रिंग मेडोज या रुग्णालयाच्या प्रकरणात म्हटलेले आहे. म्हणजे क्लासवाल्याविरुद्ध बाप स्वतःच्या नावाने उभा राहू शकतो, कॉलेजविरुद्ध ते जड जाते. कॉलेजने परतावाच दिला नसता तर आधी विद्यार्थ्याच्या सहीने लेखी अर्ज, मग कॉलेजची तक्रार निवारण समिती, मग विद्यापीठाचे लोकपाल, अशी वाट आहे. तुम्हाला तिकडे जायचे कारण नाही.

पोलिसांचे एवढेच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताचा गुन्हा व्हायला मालमत्ता त्या माणसाच्या स्वाधीन केलेली असावी लागते आणि त्याने ती बेइमानीने लाटलेली असावी लागते. इथे पैसे तुम्ही मुलाच्या स्वाधीन केले नव्हते, कॉलेजने नियमाप्रमाणे त्याच्या खात्यात टाकले. ठाण्यात तुम्हाला "हे दिवाणी आहे" असेच सांगतील, आणि ते बरोबर सांगतील. आणि समजा तक्रार घेतलीच, तर १९ वर्षांच्या मुलाच्या पासपोर्टच्या आणि नोकरीच्या प्रत्येक पडताळणीत ती आडवी येईल. १,४४,००० रुपयांसाठी ही किंमत तुम्हाला मोजायची नाही, हे तुमचे पत्र वाचून मला कळते.

मुदतीचे लक्षात ठेवा. असा पैशाचा दावा करायला तीन वर्षे मिळतात, आणि ती पैसे मुलाच्या खात्यात जमा झाल्या दिवसापासून मोजायची. पण दाव्याच्या आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे एक साधा अर्ज द्या. दाखलपूर्व प्रकरण म्हणून ते मुलाला नोटीस काढतात आणि समोरासमोर बसवतात. कोर्ट फी नाही. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील होत नाही. सिव्हिल लाइन्सला जाऊन यायला तुमचा एक दिवस जाईल, दाव्यात वर्षे जातील.

आता मी तुमच्या जागी असते तर काय केले असते ते सांगते, कारण तुम्ही फक्त कायदा विचारलेला नाही. मुलाला ॲनिमेशन शिकायचे आहे, त्याने मोटरसायकल घेतलेली नाही. पैसे अजून खात्यात आहेत. म्हणजे हे वैर नव्हे, रुसवा आहे. पैसे तुमचे आहेत हे त्याने मान्य करावे आणि त्या पैशातून पुण्याची फी तुम्ही भरावी, असा कागद करता येतो. रक्कम आधी तुमच्या खात्यात परत येऊ द्या, मग तिथून थेट संस्थेला जाऊ द्या. पूर्ण कोर्सची फी एकदम भरू नका. व्यावसायिक कॉलेजांनी एका वेळी एका वर्षाची किंवा सत्राचीच फी घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने इस्लामिक अकॅडमी प्रकरणात २००३ मध्येच सांगितले आहे. खासगी ॲनिमेशन क्लासला तो निकाल लागू पडेलच असे नाही, म्हणून तिथे हप्त्याची अट तुम्हीच घाला आणि परताव्याचा नियम पैसे भरायच्या आधी लेखी मागा.

कागदावर चार ओळी पुरेत: "माझ्या शिक्षणासाठी वडील अमुक तारखेला अमुक संस्थेत अमुक रुपये त्यांच्या खात्यातून भरत आहेत. ही रक्कम फक्त याच प्रवेशासाठी आहे. प्रवेश कोणत्याही कारणाने रद्द झाल्यास परतावा वडिलांच्या खात्यात जमा करावा. तो माझ्या खात्यात आल्यास मी १५ दिवसांत त्यांना देईन." खाली दोघांच्या सह्या, तारीख, आणि शक्य असेल तर आईची साक्षीदार म्हणून सही. त्याची एक प्रत प्रवेश अर्जाबरोबर संस्थेला द्या आणि पोच घ्या. परताव्यासाठीचे बँक खाते विचारणारा रकाना अर्जात असेल तर तिथे तुमचा खाते क्रमांक लिहायला लावा.

मला भेटायला याल तेव्हा मुलालाही घेऊन या आणि त्याच्या आईलाही. सोबत मुदत ठेव मोडल्याची बँकेची स्लिप, तुमच्या पासबुकाचे ते पान, कॉलेजची मूळ पावती, प्रवेश रद्द केल्याचा अर्ज आणि मुलाचा दहावीचा दाखला आणा. बँकेची ती गुळगुळीत कागदावरची स्लिप असेल तर आजच तिची झेरॉक्स काढून ठेवा. आपल्या उन्हाळ्यात तिची अक्षरे उडून जातात, आणि कोर्टात मी कोरा कागद दाखवू शकत नाही.